सासूबाईंचा पंप आणि टेफलॉनचा जास्तीचा वेढा

सासूबाईंचा दम्याचा पंप दवाखान्याने या खेपेला दोन तुकड्यांत दिला. एका कागदी पुडीत औषधाचं चकचकीत नळकांडं आणि दुसऱ्या पुडीत निळी प्लॅस्टिकची खोळ. पूर्वी ते आयतं बसवलेलं, खोक्यातून मिळायचं. खिडकीवरच्या बाईने माझ्या बायकोला, मायेलाला, एवढंच सांगितलं की आता असंच येतं, घरी बसवून घ्या. मायेला घरी आली, दोन्ही पुड्या जेवणाच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "हे बसवायला कुणाला तरी बोलवायला हवं."

त्याच टेबलाशी मी कॉफी पीत बसलो होतो.

मी कार्तागोच्या नगरपालिकेत बांधकामाचे नकाशे तपासतो. या गावातली एकही भिंत, एकही जिना, एकही पन्हाळ माझ्या पट्टीखालून गेल्याशिवाय उभी राहत नाही. पायरी बोटभर आखूड निघाली की नकाशा परत. लोक मला मागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण जिन्यावरून पडून कुणी मेलं नाही हेही खरं. अशा माणसाच्या घरात, त्याच्यादेखत, अंगठ्याएवढं नळकांडं खोळीत घालायला बाहेरचा माणूस बोलवायची भाषा व्हावी, याचा मला धक्काच बसला. पुढच्या धक्क्यांच्या मानाने तो अगदीच किरकोळ होता, पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

"मी आहे ना," मी म्हणालो.

"म्हणूनच म्हणतेय ती," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या.

ओदिलीबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडेच राहतात. खरं तर घर त्यांचं आहे, आम्ही त्यांच्याकडे राहतो, पण हा मुद्दा त्या काढतात तेव्हाच निघतो. त्या प्रार्थना सांगायला जातात. नाताळात मांडलेली गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, उचलायच्या आधी घरोघर बाळयेशूची प्रार्थना व्हावी लागते, नाहीतर वर्षभर घरात काही ना काही मोडत राहतं. ती प्रार्थना सांगायला आमच्या भागात दोनच बायका. त्यातली दुसरी घाई करते. ओदिलीबाईंची ख्याती अशी की मरियेच्या नावांची आख्खी लितानी त्या जवळजवळ एका श्वासात म्हणतात. बायका हातातली रोम्पोपे, म्हणजे दूध-अंड्याचं गोड पेय, तशीच धरून ऐकत राहतात. म्हणजे या बाईचा श्वास हाच तिचा मान. आणि त्या वर्षी तुरियाल्बा ज्वालामुखी खोकत होता, जानेवारीचं वारं राख उडवत होतं, आणि श्वासाचं काही खरं नव्हतं.

त्यातून येत्या रविवारी प्रार्थना होती विल्बर्तसाहेबांकडे. विल्बर्तसाहेब म्हणजे माझे वरिष्ठ. आमच्या विभागाचं उपप्रमुखपद रिकामं होतं आणि ते कुणाला द्यायचं हे त्यांच्या हातात होतं. यापेक्षा जास्त मी काही सांगत नाही. एवढ्यावर माझी मनःस्थिती कळायला हरकत नसावी.

मी नळकांडं उचललं आणि खोळीत सोडलं. ते खळकन आत गेलं आणि डुलत राहिलं, मोठ्या भावाचा कोट घातलेल्या मुलासारखं. मी खोळ डोळ्यासमोर धरली, आत काय अडतंय ते पाहायला वाकलो, आणि नळकांडं दाबलं. औषध ज्या तोंडातून यायचं तिथून आलं नाही. ते वरच्या फटीतून फस्सकन बाहेर पडलं आणि सरळ माझ्या डोळ्यांत, नाकात आणि आश्चर्याने उघडलेल्या तोंडात गेलं. मी ते पुन्हा दाबलं, कारण पहिल्यांदा काय झालं ते मला नीट दिसलं नव्हतं.

थोड्या वेळाने माझं काळीज घोड्यासारखं दौडू लागलं. हात थरथरायला लागले.

"मायेला," मी म्हणालो, "मला काहीतरी होतंय."

ओदिलीबाई बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं. "होणारच," त्या म्हणाल्या. "माझं औषध प्यायलात ना तुम्ही. आता छाती मोकळी झालीच आहे, तर शिडी लावा आणि पत्र्यावरची राख झाडून या."

मायेला म्हणाली, "अहो, औषधाच्या दुकानातून सरळ नवा आणा ना."

सुज्ञ माणसाने तेच केलं असतं. पण प्रश्न आता तत्त्वाचा झाला होता. नळकांडं आहे, खोळ आहे, मधे फक्त थोडं अंतर आहे. असली अंतरं मोजण्यात माझं आयुष्य गेलं. मी तिला म्हणालो की आधी जुना पंप कसा बनवला आहे ते पाहतो, म्हणजे कळेल. जुन्यातलं औषध संपलं होतं, पण खोळ शाबूत होती. मी ती बारीक करवतीने उभी कापली आणि तिचा छेद कागदावर दसपट मोठा करून काढला. नकाशा उत्तम आला. तो पुरा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की घरात चालण्यासारखी जी एकमेव खोळ होती, तिचे आता दोन भाग झाले आहेत.

ओदिलीबाईंनी ते दोन्ही भाग हातात घेऊन जुळवून पाहिले. "नवं नळकांडं या जुनीत बसतं का, ते पाहायचं होतं मला," त्या म्हणाल्या.

मला हे सुचलंच नव्हतं. मी दवाखान्यात गेलो.

खिडकीवरची बाई तरुण होती, आवाज गोड होता. मी नकाशा काचेला लावून धरला आणि खोळ व नळकांडं वेगवेगळ्या घरची आहेत हे तिला समजावून दिलं.

"असू शकतं," ती म्हणाली.

"मग ती एकमेकांत बसणार कशी?"

"नळकांडं औषध विभागातून येतं. खोळ साहित्य विभागातून. दोन्ही बरोबर आलंय."

"पण ती एकमेकांत बसत नाहीत."

"ते पाहणारा विभाग नाही आमच्याकडे."

मी म्हणालो नळकांडं बदलून द्या. ती म्हणाली वापरलेलं घेत नाही. मी म्हणालो वापरलेलं नाही, फक्त माझ्या डोळ्यात गेलंय. ती म्हणाली त्यालाच वापरणं म्हणतात. मग खोळ तरी बदला, मी म्हणालो. त्यावर तिने विचारलं की पेशंट कुठे आहे.

"पेशंटचा काय संबंध? खोळ पेशंटला नाही, नळकांड्याला बसवायची आहे."

"नळकांड्याला तारीख देता येत नाही, साहेब. पेशंटलाच देता येते. जूनमधली आहे एक." मग आवाज आणखी गोड करून ती म्हणाली, "मला तुमचं म्हणणं कळतंय. पण काय करणार, माझे हात बांधलेले आहेत."

मी काचेला धरून तसाच उभा राहिलो. हे वाक्य माझं आहे. परवान्याच्या खिडकीत बसून वर्षानुवर्षं मी ते लोकांना ऐकवत आलो, अगदी याच सुरात. काचेच्या या बाजूने ते कसं लागतं याची मला कल्पना नव्हती.

"तुम्ही एलादियो ब्रेनेस ना?" ती म्हणाली. "आमच्या आईच्या गॅलरीचा नकाशा तुम्हीच परत पाठवला होता. बोटभर पुढे आली होती म्हणे."

मी नकाशाची गुंडाळी केली आणि घरी आलो.

तोवर बातमी गल्लीभर झाली होती. आमच्या गल्लीत माणसाला शिंक आली तर कोपऱ्यावरून कुणीतरी देव बरं करो म्हणतं. शेजारच्या फ्लोरीबाई त्यांची इवलीशी चिवावा कुत्री काखेत घेऊन आमच्याकडे येऊन बसल्या होत्या. कुत्रीचं नाव प्रिन्सेसा. तिचा चेहरा कायम कुणीतरी आत्ताच वाईट बातमी दिल्यासारखा.

"पंपाबिंपाची गरजच नाही," फ्लोरीबाई म्हणाल्या. "हिला छातीशी घेऊन झोपायचं. दमा माणसातून निघून कुत्र्यात जातो. माझ्या आत्याचा गेला."

"आणि कुत्र्याचा कुठे जातो?" दारातून आवाज आला. ते समोरचे अबुंदियोकाका. आयुष्यभर बसगाड्या दुरुस्त केलेला माणूस. निवृत्त होऊन काळ लोटला तरी हातातला कळकट फडका सुटलेला नाही.

"कुत्र्याचा कुठे जात नाही. ती सोसते," फ्लोरीबाई म्हणाल्या. प्रिन्सेसा शिंकली. सगळे तिच्याकडे आदराने पाहायला लागले.

ओदिलीबाईंनी कुत्री एक दिवस ठेवून घेतली, कारण फ्लोरीबाईंना नाही म्हटलं तर त्या रडतात. दमा कुठे गेला नाही. ओदिलीबाईंच्या काळ्या शालीला मात्र पांढरे केस लागले आणि छातीतली शिट्टी आणखी वाढली. कुत्री परत गेली.

अबुंदियोकाकांनी पंप हातात घेतला, कानाशी हलवला, नळकांड्याची खालची बारीक दांडी अंगठ्याने चाचपली. त्यांचं मत असं की जगातल्या सगळ्या वस्तू या मुळात नळ्याच असतात आणि जिथे नळी नळीत जाते तिथे गळणारच. "टेफलॉन," ते म्हणाले.

नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी पातळ पट्टी. मला राग आला तो इतकी साधी गोष्ट मला सुचली नाही याचा. पण मी म्हणालो की पट्टी किती गुंडाळायची हे अंदाजाने ठरवून चालणार नाही. मी अंतर मोजलं, भागाकार केला, वेढे किती लागतील ते काढलं. काकांनी पट्टी गुंडाळली. मी वेढे मोजले. काका मधे मधे "झालं का?" विचारायचे आणि मी हात वर करून थांबवायचो. फ्लोरीबाई आणि मायेला उभ्या राहून पाहत होत्या. एका नळकांड्याभोवती एवढी माणसं आमच्या घरी यापूर्वी फक्त गॅस संपला तेव्हा जमली होती.

नळकांडं खोळीत गेलं. डुललं नाही. मी पंप हलवला, हवेत दाबला. पांढरा फवारा तोंडातून सरळ, सुरेख बाहेर आला. फ्लोरीबाईंनी टाळ्या वाजवल्या. ओदिलीबाईंनी एक श्वास सोडला, पंप तोंडात धरून एक दाब ओढून घेतला आणि त्या थोडं थांबल्या. "येतंय," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून माझ्या कामाबद्दल निघालेला तो पहिला शब्द. मी तो जपून ठेवला.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण रविवारी सकाळी, कडक इस्त्रीचा शर्ट घालून झाल्यावर, मी पंप एकदा तपासला आणि मला वाटलं की नळकांडं केसभर हलतंय. विल्बर्तसाहेबांच्या घरी, सगळ्या नगरपालिकेसमोर, केसभर हललेलं मला चालणार नव्हतं. मी कुणाला न सांगता टेफलॉनचा आणखी एक वेढा घातला. मग आणखी एक. नळकांडं जोर लावून आत बसवलं आणि पंप खिशात टाकला.

अबुंदियोकाकांनी आम्हाला त्यांच्या जुन्या गाडीतून नेलं आणि तेही आत आले, कारण केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तमाल असणार होते. साहेबांचा दिवाणखाना भरलेला. साहेब नेहमीसारखे ताठ, गळ्यापर्यंत बटणं लावून दाराशी उभे. दामारिसबाई, त्यांची पत्नी, सगळ्यांना गव्हाणी दाखवत होत्या. गव्हाणी कसली, आख्खा डोंगर होता. सुरूच्या फांद्या, शेवाळ, हिरवा, निळा, गुलाबी रंगवलेला लाकडाचा भुसा, त्यात मेंढपाळ, उंट, बैल, गाढव आणि एक प्लॅस्टिकचा फ्लेमिंगो. सगळ्यावर महिनाभराची राख आणि धूळ. ओदिलीबाईंची खुर्ची मान म्हणून त्या डोंगराला अगदी खेटून ठेवली होती.

माळेची प्रार्थना नीट पार पडली. लितानी सुरू झाली. सासूबाई एक एक नाव घ्यायच्या आणि सगळी खोली म्हणायची, "आम्हांसाठी विनंती कर." मी साहेबांकडे पाहत होतो. ते डोळे मिटून म्हणत होते. सासूबाईंचा आवाज चढत गेला, नावं एकामागून एक सुटत गेली, आणि "दाविदाच्या बुरुजा" म्हणताना तो बारीक झाला. त्याच्याखाली एक शिट्टी ऐकू यायला लागली. लोकांना वाटलं भक्तीने गळा दाटला. त्यांनी आणखी जोरात विनंती केली.

मी उठलो. पंप काढला, हलवला, सासूबाईंच्या तोंडाशी धरला आणि दाबला. एक फवारा गेला. नळकांडं खाली गेलं ते तिथेच राहिलं. वर आलंच नाही. त्या जास्तीच्या वेढ्यांनी ते दाबलेल्या जागीच घट्ट धरून ठेवलं. मी पुन्हा दाबलं. काही नाही. नखांनी वर ओढलं. काही नाही.

ओदिलीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना बोलताच येत नव्हतं. खांदे वर जात होते, मानेची शीर ताठ झाली होती, ओठांचा रंग मला आवडला नाही. लग्न झाल्यापासून मी ज्या शांततेसाठी झुरत होतो ती अशी असते तर मला ती नको होती.

मी नळकांडं दातांत धरलं. अबुंदियोकाकांनी खोळ धरली. आम्ही दोन दिशांना ओढलं. खोळ कडकन तडकली, नळकांडं माझ्या दातांतून सुटलं, मेंढपाळांच्या डोक्यावरून गेलं आणि डोंगरात कुठेतरी नाहीसं झालं. मी गुडघ्यांवर पडलो आणि गव्हाणीत शिरलो. शेवाळ उपसलं, उंट बाजूला टाकला. भुशाचा असा लोट उठला की पहिल्या रांगेतले लोकही खोकायला लागले. सासूबाईंना त्याच धुळीचा त्रास होतोय हे मला तेव्हा सुचलं जेव्हा मायेलाने आईला दोन्ही हातांनी धरून उचललं आणि जवळजवळ पळत मागच्या अंगणात नेलं. "रुग्णवाहिका बोलवा," ती जाताजाता म्हणाली, आणि कुणीतरी फोन लावला. मी बैल हातात घेऊन तिथेच बसलो होतो.

कुणीतरी माझी कॉलर धरली. विल्बर्तसाहेब होते. पांढरेफटक. मला वाटलं नोकरी गेली.

"आत या," ते म्हणाले.

त्यांनी मला जिन्याखाली ओढलं. खिशातून चष्म्याचं घर काढलं. उघडलं तर आत चष्मा नव्हता, नळकांडं होतं. मग खाली वाकून त्यांनी पँट वर केली आणि मोज्यातून निळी खोळ काढली. मी पाहतच राहिलो. ज्या माणसाच्या मोज्याकडे बघायची आमच्या विभागात कुणाची छाती झाली नसती, त्याच्या मोज्यातून दम्याचा पंप निघत होता.

"तेच औषध आहे," ते म्हणाले. "दामारिसला माहीत नाही. एकत्र ठेवलं की कळतं, म्हणून सुटं ठेवतो. बसवा तुम्ही. माझे हात थरथरतायत."

थरथरत तर माझेही होते, आणि या खेपेला औषधाने नाही. पट्टी नव्हती, नकाशा नव्हता, टेफलॉन नव्हतं. बाहेरून ती शिट्टी येत होती, आता मधे मधे तुटणारी. माझ्या बोटांना गुलाबी भुसा लागला होता. मी तो शर्टाला पुसला, नळकांड्याची दांडी पुसली. खोळीच्या तळाला एक बारीक भोक असतं. ती दांडी त्यात सरळ उभी राहिली पाहिजे, बाकी काही नाही. मी खोळ उजेडाकडे धरली, तोंडातून आत पाहिलं, नळकांडं हलकेच सोडलं. दांडी कडेला टेकली. काढलं. पुन्हा सोडलं, या वेळी न ढकलता, बोटांनी नुसतं वळवत. आत काहीतरी अलगद जागेवर बसलं. आवाजही झाला नाही, बोटांना कळलं तेवढंच.

मी अंगणात धावलो. पंप हलवला, एक दाब हवेत सोडला, तो "काय झालं, काय झालं" करत आलेल्या दामारिसबाईंच्या चेहऱ्यावर गेला. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या, मायेलाने मागून धरलं होतं. "आधी श्वास सोडा," मी म्हणालो. त्यांनी सोडला, होता तेवढा. मी दाबलं. त्यांनी ओढलं. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता, नखं आत रुतली होती. थांबलो. पुन्हा हलवला, पुन्हा दाबला. नळकांडं खाली गेलं आणि शहाण्यासारखं वर आलं. पुन्हा थांबलो. शिट्टी हळूहळू लांब झाली, मग बारीक झाली, मग त्यात मधे मधे साधा श्वास ऐकू यायला लागला. माझ्या मनगटावरची नखं सैल झाली.

मी तिथेच फरशीवर बसलो. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भुशामुळे, असं मी नंतर विचारणाऱ्यांना सांगितलं.

दामारिसबाई ओला चेहरा पुसत होत्या. त्यांनी माझ्या हातातला पंप पाहिला, साहेबांच्या हातातलं रिकामं चष्म्याचं घर पाहिलं, वर राहिलेला पँटचा पाय पाहिला.

"म्हणजे रोज संध्याकाळी गाडी बघून येतो म्हणून जायचात ते यासाठी?"

साहेबांनी चष्म्याचं घर मिटलं.

"मला आधी वाटायचं सिगारेट ओढता," त्या म्हणाल्या. "मग वाटायचं, कुणी बाई आहे. मी त्या बाईचं नावसुद्धा ठरवलं होतं."

"तुझ्या आईने लग्नाच्या आधी विचारलं होतं," साहेब खाली बघत म्हणाले, "घराण्यात छातीचं काही आहे का म्हणून. मी नाही म्हणालो. मग सांगायचं राहूनच गेलं."

"आई जाऊन किती वर्षं झाली, विल्बर्त."

"हो. पण सुरुवात कुठून करायची ते कळेना."

दामारिसबाईंनी खाली वाकून त्यांच्या पँटचा पाय सरळ केला. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. साहेब थोड्या वेळाने त्यांच्या मागे गेले. उपप्रमुखपदाचा विषय काढायची ही वेळ नव्हे हे मला एकदम पटलं.

रुग्णवाहिका आली. त्यातल्या दोघांनी सासूबाईंची छाती तपासली, नाडी पाहिली, प्राणवायूचा मास्क लावला आणि म्हणाले की आता बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्यायलाच हवं. त्यांनी त्यांना स्ट्रेचरवर घेतलं आणि मोठ्या दाराकडे निघाले. रस्ता दिवाणखान्यातून होता. गव्हाणीची धूळ खाली बसली होती, खिडक्या उघडल्या होत्या, लोक भिंतीला टेकून उभे होते. दाराशी आल्यावर ओदिलीबाईंनी हात वर केला आणि मास्क कपाळावर सरकवला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "दाविदाच्या बुरुजापाशी राहिलंय."

"बाई, बोलू नका," रुग्णवाहिकेवाला म्हणाला.

"मेलेच तर कुणाच्या घरात अर्धी लितानी सोडून गेले म्हणतील लोक. टोपी काढा."

त्याने टोपी काढली. तिथून त्या सावकाश म्हणू लागल्या, एक नाव, मग मास्क, मग एक नाव. पूर्वी बायका दम रोखून ऐकायच्या ती ही लितानी नव्हती. पण आज प्रत्येक नावाला सगळी खोली वाट पाहत होती, आणि उत्तर असं येत होतं की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. स्वयंपाकघरातून साहेब आणि दामारिसबाई आले आणि एकमेकांना लागून उभे राहिले. दोघांचेही डोळे लाल होते.

लितानी संपली. आता शेवटच्या विनंत्या, त्या प्रार्थना सांगणारीने आपल्या मनच्या मागायच्या असतात.

"या घरच्या यजमानासाठी," सासूबाई म्हणाल्या. "त्याने आपली छाती बायकोपासून लपवू नये म्हणून."

"प्रभो, आमची प्रार्थना ऐक," सगळे म्हणाले. दामारिसबाईंचा आवाज वेगळा ऐकू आला.

"अबुंदियोसाठी. माणूस म्हणजे बस नव्हे हे त्याला कळावं म्हणून."

"प्रभो, आमची प्रार्थना ऐक." काकाही म्हणाले, तोंडात तमाल होता तरी.

मग त्यांनी मास्क लावून एक लांब श्वास घेतला आणि त्या माझ्याकडे वळल्या. मी बुटांकडे पाहायला लागलो. सगळी नगरपालिका तिथे होती.

"माझ्या जावयासाठी," त्या म्हणाल्या. "त्याने माझी एक खोळ कापली, दुसरी चोंदवून फोडली, आणि तिसरी नीट बसवली. त्याचे हात देवाने शाबूत ठेवावे. मला लागतात."

"प्रभो, आमची प्रार्थना ऐक," खोली म्हणाली. साहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा.

मी ते म्हटलंच नाही. इतक्या वर्षांत या बाईने माझं नाव देवासमोर घेतलं असेल तर फक्त तक्रारीच्या रकान्यात, असं मी धरून चाललो होतो. मी उभाच राहिलो, कोपरापर्यंत गुलाबी भुसा लागलेला, शर्टाची इस्त्री गेलेली. मायेलाने कोपराने ढोसलं.

"अहो, म्हणा ना."

सासूबाईंनी मास्क हातात धरून ठेवला होता, लावत नव्हत्या. रुग्णवाहिकेवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, लवकर आटपा अशा अर्थाने. आख्खी खोली थांबली होती.

मग मी म्हटलं. एकट्याने. तेव्हा कुठे त्यांनी मास्क तोंडावर ओढला आणि दाराकडे बोट दाखवलं.